इलेक्ट्रोलिसिसने काढलेला गंज परत का येतो?

तक्रार साधारण एकाच शब्दांत येते. जुना पाना किंवा रंध्याचं पातं रात्रभर सोड्याच्या पाण्यात ठेवलं, १२ व्होल्टचा सप्लाय लावला, सकाळी काढून ब्रशने घासलं, आतून छान करडं लोखंड निघालं. फडक्याने पुसून ओट्यावर ठेवलं आणि चहा पिऊन येईपर्यंत त्यावर केशरी झाक. दुसरी तक्रार जरा उशिरा येते. तेव्हा सगळं ठीक होतं, तेलही लावलं होतं, पण पंधरा-वीस दिवसांनी बघतो तर नेमक्या त्याच खड्ड्यांतून गंज पुन्हा वर आलाय. मग माणूस परत बादली भरतो, परत सप्लाय लावतो, आणि पावसाळाभर हेच चालू राहतं.

बादलीला दोष देण्याआधी एवढं ठरवून घ्या, की तुमची तक्रार या दोनांपैकी कोणती. तासाभरात आलेला गंज हा वाळवण्यातला घोळ असतो. काही दिवसांनी ठरावीक ठिपक्यांतून येणारा गंज म्हणजे आत मीठ राहिलंय. कोकणपट्टीत, मुंबईत, गोव्यात हे दोन्ही एकाच हत्यारावर भेटतात, म्हणून लोक गोंधळतात आणि दोन्हींवर एकच उपाय करत बसतात: आणखी एक रात्र बादलीत. त्याने पहिल्याला काहीच फरक पडत नाही, आणि दुसऱ्याला पडतो तोही पाणी बदललं तरच.

मांडणी बरोबर आहे ना?

हे थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. प्लॅस्टिकची बादली किंवा टब. २० लिटर पाण्याला १०० ते १५० ग्रॅम धुण्याचा सोडा. मूठभर जास्त पडला तरी बिघडत नाही, पण त्याने काम दुप्पट वेगाने होत नाही. हत्यार निगेटिव्हला, टाकाऊ लोखंडाचा पत्रा किंवा तुकडा पॉझिटिव्हला. दोन्हींच्या मध्ये चार-सहा बोटं अंतर, एकमेकांना शिवता कामा नये. साध्या हातहत्यारांना १ ते ३ अँपिअर भरपूर झाले.

हत्यारावर बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे. काही गंज तिथल्या तिथे काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो, काही सुटा होतो आणि बुडबुड्यांनी ढिला पडतो. खाल्लं गेलेलं लोखंड मात्र परत येत नाही. खड्डे असतील तर ते खड्डेच राहणार, फक्त रिकामे होणार. या पद्धतीचा मोठा गुण असा की आतलं चांगलं लोखंड ती खात नाही. ॲसिड खातं.

वायरी उलट्या लागल्या तर सगळाच प्रकार उलटा होतो आणि हत्यारच झिजायला लागतं. ओळखायची खूण सोपी आहे: जास्त बुडबुडे हत्यारावर दिसले पाहिजेत. पत्र्यावर जास्त आणि हत्यारावर कमी दिसले तर ताबडतोब बंद करा.

खायचा सोडा चालतो का, हे हमखास विचारलं जातं. चालतो, पण मंद. लोखंडी किंवा स्टीलच्या कढईत अर्धा-पाऊण तास कोरडा परतला, तर त्यातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि धुण्याचाच सोडा उरतो. ॲल्युमिनियमची कढई मात्र नको. रंग-केमिकलच्या दुकानात सोडा ॲश, म्हणजे धुण्याचाच सोडा, स्वस्तात मिळतो, त्यामुळे हा उद्योग करायची गरज क्वचितच पडते.

तासाभरात परत येणारा गंज

बादलीतून बाहेर आलेलं लोखंड पूर्ण उघडं असतं. त्यावर तेल नाही, रंग नाही, जुना घट्ट थरही नाही. पृष्ठभाग खडबडीत आणि ओला. बादलीत असेपर्यंत दोन गोष्टी त्याला सांभाळत होत्या: सोड्यामुळे आलेला पाण्याचा अल्कलीपणा आणि वाहणारा करंट. आपण त्याला बाहेर काढतो, नळाखाली साध्या पाण्यात खळखळून धुतो आणि दोन्ही संरक्षणं एका झटक्यात काढून घेतो. वर हवा जुलैची.

जड वस्तूंमध्ये आणखी एक भर पडते. शिकंजा किंवा मोठा पाना थंड पाण्यात धुतला की तो लवकर गरम होत नाही, आणि दमट हवेत त्याला घाम धरतो. तुम्ही फडक्याने पुसता, तो पुन्हा ओलावतो. कोरडा वाटतो, पण नसतो.

यावर उपाय क्रमाचा आहे. ब्रशने घासायचं काम नळाखाली करू नका, सोड्याच्याच पाण्यात करा. वेगळ्या घमेल्यात ताजं, हलकं सोड्याचं पाणी घ्या आणि काळा थर तिथेच तारेच्या ब्रशने किंवा हिरव्या घासणीने काढा. अल्कली पाण्यात उघडं लोखंड बराच वेळ शांत राहतं, त्यामुळे घाई होत नाही. सगळं घासून झालं की मगच स्वच्छ पाणी, आणि तेही उकळतं.

उकळत्या पाण्याचा फायदा ते ओतून झाल्यावर दिसतो. सांडशीत धरलेला पाना अर्धा-एक मिनिट पाण्यात बुडवून बाहेर काढला, की त्यावरची ओल कडेकडून आत सरकत जाते आणि बघता बघता संपते. लोखंड आतून गरम असल्यामुळे ते स्वतःच वाळतं. शेवटचं पाणी राहतं ते स्क्रूच्या आट्यांत, जबड्याच्या मागच्या फटीत आणि पिनेच्या भोवती. तिथे फुंकर मारा, हेअर ड्रायर लावा, सायकलच्या पंपाने हवा मारा. हात भाजणार नाही पण धरवणारही नाही इतकं गरम असतानाच तेल लावा. गरम लोखंडावर तेल पातळ होऊन फटींत उतरतं. गार झाल्यावर लावलेलं तेल वरवर राहतं आणि खालची ओल आतच कोंडते.

गॅसच्या ज्योतीवर मात्र वाळवू नका. पटाशी, रंध्याचं पातं, कोयता, कातरी ही पाणी पाजलेली, म्हणजे तापवून-विझवून कडक केलेली हत्यारं. पातळ धार ज्योतीवर क्षणात तापते, निळी पडते, पाणी उतरतं आणि मग कितीही धार लावा, ती टिकत नाही. गंजाने गेलं नसतं ते हत्यार वाळवण्यात जातं.

डब्ल्यूडी-४० हे पाणी हुसकावून लावण्यासाठीच बनवलं आहे आणि या टप्प्यावर ते चांगलं काम करतं. पण त्याचा थर इतका पातळ राहतो की त्याच्या भरवशावर पावसाळा काढता येत नाही. ते पाणी हाकलायला, मग पुसून दुसरं काहीतरी राखायला. रॉकेलचंही तसंच: धुवायला उत्तम, उडून गेल्यावर मागे विशेष काही उरत नाही.

पंधरा दिवसांनी, त्याच खड्ड्यांतून

ही खरी चिवट तक्रार. आणि माझं स्पष्ट मत आहे की ज्याला लोक ‘गंज पूर्ण निघाला नव्हता’ म्हणतात, त्यात बहुतेक वेळा गंज निघालेला असतो, क्लोराइड, म्हणजे मिठातला गंजवणारा भाग, निघालेलं नसतं.

भिंग असेल तर अशा हत्याराकडे पावसाळी दिवसात जवळून बघा. सपाट भाग कोरडा असतो. खड्ड्याच्या तोंडावर मात्र मोहरीपेक्षाही लहान थेंब दिसतो, पिवळसर तपकिरी, चकचकीत. पुसला तर दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा उभा. वाळला तर त्याचं पातळ, पोकळ केशरी कवच होतं आणि बोट लावलं की फुटतं. हा हवेतला साधा दमटपणा नाही. खड्ड्याच्या तळाशी, थेट लोखंडाला चिकटून, लोखंडाचं क्लोराइड बसलेलं आहे आणि ते हवेतून पाणी ओढतंय.

या क्लोराइडचा खोडसाळपणा असा की ते खर्ची पडत नाही. लोखंडाशी जुळतं, हवेतल्या ऑक्सिजनने त्याचा गंज होतो, त्यात आम्ल सुटतं, ते आम्ल आतलं नवं लोखंड धरतं आणि पुन्हा तेच क्लोराइड तयार. वरून लावलेलं तेल या फेऱ्याला थोडं हळू करतं, थांबवत नाही.

हे येतं कुठून? समुद्रावरचा वारा हे सरळ उत्तर, पण एकमेव नाही. मासे कापायची कोयती आणि विळी. घामाचे हात. बोअरचं मचूळ पाणी. खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून ठेवलेली अवजारं, विशेषतः पोटॅशचं पोतं, कारण बाजारात सर्रास मिळणारं पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच. घाटावरच्या शेतकऱ्याला समुद्र दिसत नाही, तरी त्याच्या खुरप्यात मीठ असतं ते असं. आणि सगळ्यात वाईट कारण: आधी ‘झटपट’ म्हणून बाथरूम साफ करायच्या ॲसिडमध्ये बुडवलेली हत्यारं. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. गंज दहा मिनिटांत जातो आणि क्लोराइड प्रत्येक खड्ड्यात भरून राहतं. असं हत्यार पुढच्या पावसात दुप्पट गंजलं तर नवल नाही.

म्हणूनच बादलीत मीठ टाकू नका. ‘करंट जास्त वाहतो’ म्हणून हा सल्ला सर्रास दिला जातो. करंट वाहतो हे खरं, पण पॉझिटिव्ह बाजूला क्लोरीन वायू सुटतो आणि जे आपल्याला बाहेर काढायचंय तेच आपण हत्याराभोवती ओततो. बादलीतून जलतरण तलावासारखा वास आला तर पाण्यात मीठ आहे. टाकलं नसेल तर पाणीच मचूळ आहे.

गंमत अशी की क्लोराइड काढायला इलेक्ट्रोलिसिस हाच घरी जमणारा सर्वात बरा उपाय आहे. क्लोराइडच्या कणावर ऋण भार असतो. हत्यार निगेटिव्हला असल्यामुळे तो तिथून दूर लोटला जातो आणि पॉझिटिव्ह पत्र्याकडे ओढला जातो. समुद्रातून काढलेल्या लोखंडी वस्तूंवर संग्रहालयं हेच करतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धातलं ‘मॉनिटर’ हे चिलखती जहाज ३१ डिसेंबर १८६२ ला केप हॅटरसजवळ बुडालं. त्याचा तोफांचा फिरता बुरूज २००२ मध्ये वर काढला आणि व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज इथल्या मरिनर्स म्युझियममध्ये टाकीत ठेवला. तिथे हे काम वर्षानुवर्षं चाललं आहे: मंद करंट, अल्कली पाणी, आणि ठरावीक काळाने टाकी रिकामी करून नवं पाणी. गंज दिसेनासा झाला की काम झालं असं तिथे कुणी धरत नाही. मीठ निघायचं थांबलं की झालं.

आपल्या कोयत्याला वर्षं लागत नाहीत, पण पाणी बदलणं मात्र लागतंच. पहिल्या बादलीत गंज ढिला करा, नीट घासा, खड्डे टोकदार काडीने किंवा दाभणाने कोरून मोकळे करा. मग ते पाणी फेकून द्या. त्यात आता निघालेलं क्लोराइड आहे, आणि करंट थांबला की ते परत आत शिरायला मोकळं असतं. दुसऱ्या बादलीला चांगलं पाणी घ्या: आरओचं, एसीमधून गळणारं, किंवा निदान नगरपालिकेचं, बोअरचं नको. सोडा ताजा. करंट १ अँपिअरच्या आसपास आणि वेळ एक-दोन दिवस, अर्थात देखरेखीखाली, हवा खेळती राहील अशा जागी. इथे घाई करून करंट वाढवण्यात अर्थ नाही. खड्ड्याच्या तळातून कण बाहेर यायला वेळ लागतो, त्याला जोर लावून भागत नाही. शेवटचं धुणं गरम डिस्टिल्ड पाण्याने. बॅटरीत घालायचं मिळतं ते चालतं.

निघालं की नाही हे तेल लावण्याआधी तपासा. झाकणाच्या डब्यात ओला स्पंज ठेवा, हत्यार त्याला शिवणार नाही असं दोन काड्यांवर ठेवा, झाकण लावा आणि दुसऱ्या दिवशी उघडा. सगळीकडे पातळ, सारखी केशरी झाक आली असेल तर तो साधा गंज, घासणीने जाईल. ठिपक्यांवर तेच तपकिरी थेंब उभे असतील तर मीठ अजून आत आहे आणि तिसरी बादली भरायची. ही परीक्षा कंटाळवाणी वाटते, पण तेलाखाली मीठ कोंडून ठेवण्यापेक्षा बरी.

बुडबुडेच येत नाहीत

दहातल्या आठ वेळा कारण एकच असतं: क्लिप गंजावर लावलेली असते. गंजातून वीज नीट वाहत नाही. जिथे क्लिप लावणार तिथे कानशीने किंवा एमरी पेपरने चमकणारं लोखंड दिसेपर्यंत घासा. शक्यतो ही जागा पाण्याच्या वर ठेवा. तरीही बुडबुडे नसतील तर मल्टिमीटरने सप्लायच्या टोकांना व्होल्ट येतात का बघा.

गाडीच्या बॅटरीचा नवा ‘स्मार्ट’ चार्जर वापरत असाल तर त्याला खरी बॅटरी जोडलेली दिसल्याशिवाय तो सुरूच होत नाही. बादली त्याला बॅटरी वाटत नाही. जुना, ट्रान्सफॉर्मरवाला जड चार्जर इथे राजा. जुन्या कॉम्प्युटरचा सप्लायही छान चालतो: मोठ्या प्लगमधली हिरवी वायर काळ्याला जोडली की तो सुरू होतो, पिवळी म्हणजे १२ व्होल्ट, काळी निगेटिव्ह. सीसीटीव्हीचा १२ व्होल्ट २ अँपिअरचा, बंद खोळीतला अडॅप्टर तर बहुतेक घरांत पडलेलाच असतो. लहान स्क्रू, बिजागऱ्या यांना मोबाइलचा ५ व्होल्टचा जुना चार्जरही हळूहळू काम करतो.

एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारा जाळीच्या पेटीतला सप्लाय स्वस्त आणि ताकदवान असतो, पण त्याचे २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात. ओले हात आणि पाण्याने भरलेली बादली यांच्या शेजारी ती वस्तू मला तरी नको. वापरायचाच असेल तर तो बंद खोक्यात आणि बादलीपासून लांब.

सुरुवातीला छान, मग मंद

पॉझिटिव्हचा पत्रा बाहेर काढून बघा. त्यावर चिखलासारखा तपकिरी-काळा थर जमलेला असणार. तो वीज अडवतो. सप्लाय बंद करा, पत्रा खरवडा, परत लावा. भंगारातल्या सळईपेक्षा रुंद पत्रा बरा, कारण पृष्ठभाग जास्त. पत्रा झिजत जाऊन जाळीसारखा होतो, ते साहजिकच आहे.

एकच बाजू साफ होते

करंट साधारण समोरासमोर वाहतो. पत्र्याकडे तोंड असलेली बाजू साफ होते, पाठ तशीच राहते. हत्यार फिरवा, किंवा बादलीच्या कडेने तीन-चार सळया उभ्या करून त्या एकमेकींना वायरने जोडा. पाइपच्या आत, पान्याच्या डोळ्यात करंट पोचत नाही. तिथे मधोमध न शिवता एक पातळ सळई घालावी लागते.

पॉझिटिव्हला काय नको

स्टेनलेस स्टीलचं जुनं ताट किंवा डबा लावायचा मोह होतो, कारण तो झिजताना दिसत नाही. पण त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरू शकतं. गढूळ तपकिरी पाणी ठीक, पण वरचं नितळ पाणी लिंबासारखं पिवळं दिसायला लागलं तर थांबा, आणि ते पाणी गटारात किंवा मातीत ओतू नका. जीआय पत्रा नको, त्याचं जस्त विरघळतं. तांब्याची तार किंवा पितळी क्लिप पॉझिटिव्ह बाजूला पाण्यात बुडली की तांबं विरघळून हत्यारावर बसतं. हत्यारावर गुलाबी-लालसर झाक आली आणि ती घासूनही जाईना, तर तो गंज नाही, तांबं आहे. आणि तांब्याशेजारचं लोखंड ओलाव्यात आणखी लवकर गंजतं, तेव्हा तो थर एमरीने काढूनच टाका.

काळा थर निघत नाही

ओला असतानाच काढा. बादलीतून आल्याबरोबर तो काजळीसारखा निघतो, वाळला की घट्ट बसतो. वाळला असेल तर परत तासभर बादलीत. मात्र गावठी लोहाराच्या कोयत्यावर भट्टीतूनच आलेला गुळगुळीत काळा थर असतो. तो मुळातच असायला हवा आणि थोडंफार संरक्षणही देतो. तो खरवडून कोयता चकचकीत करण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

पांढरी भुकटी दिसते ती बहुधा कठीण पाण्यातला चुना किंवा वाळलेला सोडा. गरम पाण्याने धुवा. तेलाखाली राहू देऊ नका.

हत्यार पडलं आणि तुटलं

असं क्वचित होतं, पण होतं. हायड्रोजनचा काही भाग लोखंडात शिरतो आणि कडक, पाणी पाजलेलं पोलाद त्याने ठिसूळ होऊ शकतं. मऊ लोखंडाच्या पारईला, टिकावाला काही होत नाही. स्प्रिंग, करवतीची पाती, कडक बोल्ट यांना धोका जास्त. ज्यांच्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो, म्हणजे साखळीचा हूक, जॅकचा भाग, गाडीचे सस्पेन्शनचे बोल्ट, ते या बादलीत घालूच नका. पटाशी-रंध्याच्या पात्याला करंट कमी आणि वेळ मोजकाच द्या. नंतर ओव्हनमध्ये १५० ते १७५ अंशांवर तीन-चार तास ठेवा आणि लगेच घाव घालू नका. घरच्या ओव्हनचा काटा खोटं बोलतो, म्हणून वेगळा थर्मामीटर ठेवा. त्याहून वर गेलात तर धारेचं पाणी उतरायची भीती.

लाकडी मूठ काढूनच ठेवा. ॲल्युमिनियम आणि जस्ताचे भाग सोड्यात खराब होतात. क्रोम चढवलेल्या पान्याचं क्रोम आधीच सुटलेलं असेल तर ते पापुद्र्याने निघेल. जुना रंगही निघतो, आणि तो फार जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं. तेव्हा हातमोजे घाला आणि तो गाळ मुलांपासून लांब ठेवा.

ज्या गोष्टीवर थट्टा नको

१ अँपिअर करंट तासभर चालला की साधारण ०.४ लिटर हायड्रोजन सुटतो. ५ अँपिअर दहा तास म्हणजे २० लिटर. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की तो पेट घेऊ शकतो. बाहेर पाऊस आहे म्हणून लोक बादली न्हाणीघरात नेऊन दार लावून घेतात, हे सर्वात धोक्याचं. पडवीत, छपराखाली, वारा लागेल अशा जागी ठेवा, झाकण घालू नका. पाण्यावर जमलेल्या फेसात हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही भरलेले असतात. क्लिप काढताना उडालेल्या ठिणगीने तो फेस फटाक्यासारखा वाजतो. म्हणून आधी भिंतीवरचं बटण बंद, मग क्लिपला हात. प्रत्येक वेळी.

मध्येच वीज गेली तर धावपळ नको. सोड्याच्या पाण्यात पूर्ण बुडालेलं हत्यार काही तास सहज तग धरतं. अर्धवट बुडालेलं असेल तर पाण्याच्या रेषेवर गंजाची पट्टी उठते, तेवढं बघा.

काम झाल्यावर पाणी नितळू द्या. वरचं सोड्याचं पाणी भरपूर साध्या पाण्यात मिसळून मोरीत टाका, झाडांना घालू नका, सोडियम मातीला चांगलं नाही. पॉझिटिव्हला साधं लोखंड असेल आणि हत्यारावर जुना रंग नसेल, तर खालचा गाळ हा निव्वळ गंज.

मग लावायचं काय

रोज वापरातल्या हत्याराला शिलाई मशीनचं तेल. पटकन लावता येतं, डाग पडत नाहीत. खोबरेल तेल घरात असतं म्हणून सगळे लावतात. महिनाभर चालतं, पुढे खवट होतं. जवसाचं तेल वाळून कातडीसारखं घट्ट होतं, ते मुठीला उत्तम, सरकणाऱ्या जबड्याला नको. चार महिने ठेवून द्यायच्या वस्तूला ग्रीस किंवा मेण. मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून गरम लोखंडावर चोळलं की हाताला चिकटत नाही आणि घामाचे ठसेही धरत नाहीत. मला स्वतःला कोरड्या हाताने वापरायच्या हत्यारांना मेणच आवडतं. पारई-टिकावाला ग्रीस फासून मोकळं व्हावं.

शेतीच्या अवजारांवर हिरड्याचा काढाही करून बघण्यासारखा आहे. हिरड्यातलं टॅनिन लोखंडाशी जुळून निळसर काळा थर देतं. हिरड्याची काळी शाई याच गुणावर बनायची. संग्रहालयंही लोखंडावर टॅनिक ॲसिड वापरतात. थर पातळ असतो, वरून तेल लागतंच, आणि आत मीठ असेल तर हा थर त्याला अडवू शकत नाही.

ठेवायची जागा हा अर्धा उपाय. गोणपाट ओल धरतं, खताचं पोतं मीठ देतं, आणि बंद लाकडी पेटी पावसाळ्यात आतून दमटच असते. हवा साधारण ६० टक्के दमटपणाच्या वर गेली की उघडं लोखंड गंजायला लागतं, आणि किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हवा त्याच्या खूप वर असते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि महिन्यातून एकदा त्या पुड्या काढून वाळवणं, एवढं जमलं तर पुरे. मोठी अवजारं डब्यात मावत नाहीत. ती भिंतीपासून चार बोटं सुटी टांगा, जमिनीवर उभी करू नका. मासळीची विळी असेल तर ती वापरल्याबरोबर गोड्या पाण्याने धुऊन, चुलीजवळ किंवा गॅसच्या ओट्यावर वाळवून मगच फळीवर.